कपाटाचे दार कोर्टात

“सदर बाटल्यांत स्पिरिट आहे, हे आम्हांस मान्यच आहे.” पोलीस प्रॉसिक्यूटरांनी हे वाक्य भर कोर्टात दोनदा वाचले आणि पत्र न्यायाधीशांपुढे ठेवले. पत्राखाली सही माझी होती. आरोपीचा वकीलही मीच होतो.

राज्यात दारूबंदी नुकती कडक झाली होती, त्या काळची ही गोष्ट. मी बारामतीच्या कोर्टात वकिली करीत असे. माझा अशील दगडू मिस्त्री, राहणार लोणी भापकर. धंदा, जुने लाकडी सामान दुरुस्त करून त्याला नवे पॉलिश करणे. हे काम गिऱ्हाइकाच्या घरी जाऊनच करावे लागते. सागवानी कपाट डोक्यावर घेऊन कोणी मिस्त्रीकडे जात नाही.

जळोचीचे ऊसबागाईतदार सुभानराव यांना सारे आबा म्हणत. त्यांनी लिलावात एक काळवंडलेले कपाट घेतले होते. मिस्त्रीने त्याचे उंच पाय कापले, फुटक्या काचेच्या धारेने जुना थर खरवडून काढला आणि लाकूड घासून गुळगुळीत केले. एका दाराला पॉलिश झाले. दुसरे उघडेच राहिले, कारण मध्येच कायदा आला.

पॉलिश कसे होते, ते सांगणे भाग आहे. चपडी नावाची लाख स्पिरिटमध्ये भिजवतात. उन्हात ती लवकर विरघळते. म्हणून मिस्त्रीने तीन भरलेल्या बाटल्या आबांच्या अंगणाच्या भिंतीवर ओळीने मांडल्या. बाटल्या भंगारातल्या होत्या आणि एकीवर विलायती दारूचे लेबल शाबूत होते. रस्त्याने चाललेल्या एका पोलीस जमादारांनी ते वाचले, बूच काढून वास घेतला आणि पंचनामा केला. कपाटाचे एक दार शेजारीच चकाकत होते. पंचनाम्यात त्याचा उल्लेख नाही.

जामिनावर सुटताच मिस्त्री माझ्याकडे आला.

“वकीलसायब, सजा झाली तर भोगंन. पर आता कुनी उंबऱ्याच्या आत घेईना. इंदापूरला खुर्च्यांचं काम ठरलं हुतं. तितनं निरोप आला, येऊ नका. आबा म्हनत्यात, दारूवाल्याचा हात माज्या घराला नगं. आन् एस्टी स्टँडवर पोरं इचारत्यात, काय मिस्त्री, कपाटाला पाजून तुमाला काय उरतं का न्हाय?”

माझे मस्तक फिरले. त्याच बैठकीत मी वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना चार पानी पत्र लिहिले. जमादारांचे अज्ञान, पंचनाम्यातील त्रुटी, नागरिकाची अप्रतिष्ठा, सारे काही त्यात होते. आपली बाजू भक्कम आहे असे वाटले की रागावलेला माणूस उदार होतो. त्या औदार्यात स्पिरिट असल्याचे मी मान्य करून टाकले. पत्राचे उत्तर आले नाही. पत्र मात्र प्रॉसिक्यूटरांकडे पोहोचले.

त्यातच तपासणीचा अहवाल आला : अल्कोहोल आढळले. पोलिसांनी तेवढेच विचारले होते. लाख आहे काय, असे कोणी विचारलेच नव्हते.

मग मी कोर्टात अर्ज दिला. आबांना साक्षीस बोलवावे आणि त्यांनी कपाटाचे पॉलिश न झालेले दार सोबत आणावे. समन्स निघाले. नेमल्या दिवशी आबा बैलगाडीत दार घालून आले ते फणफणतच.

“वकील, साक्षीला मानूस बोलावत्यात. दार बोलावल्यालं आज पयल्यांदाच बघतुय!”

दार न्यायाधीशांसमोर भिंतीला टेकवले. कोर्टाच्या परवानगीने एका बाटलीचे सील फोडले. मिस्त्रीने कापसाची गोळी फडक्यात बांधली, पॉलिशमध्ये बुडवली आणि दारावर वरून खालपर्यंत एक हात दिला. कोरड्या लाकडातून सागाच्या रेषा एकदम वर आल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी “वा!” म्हणाले आणि पट्टेवाल्याने त्याला गप्प केले.

मी विजयी मुद्रेने खाली बसलो. प्रॉसिक्यूटर उठले.

“लाकूड चमकते, हे दिसले. पण चमकणारी वस्तू पिता येत नाही, असे कोठे सिद्ध झाले?”

आक्षेप बिनतोड होता. शिवाय माझी सही त्यांच्याजवळ होती. तेवढ्यात मिस्त्री न विचारता बोलला.

“सायब, वाईच पानी घालून बघा की त्यात.”

न्यायाधीशांनी आपल्या पेल्यात अर्धेच पाणी ठेवले आणि थोडे पॉलिश त्यात ओतायला लावले. पाणी दुधासारखे पांढरे झाले. काडीने ढवळताच लाख फुटून चिकट गोळे काडीला आणि काचेला धरून बसले. पेला उपडा केला, तरी ते सुटेनात.

“प्रॉसिक्यूटर,” न्यायाधीश म्हणाले, “हे प्यायलेल्या माणसाचे तोंड उघडायला सुतार बोलवावा लागेल.”

आरोपी निर्दोष सुटला. बाटल्या परत देण्याचा हुकूम झाला. पेला वाया गेला.

बाहेर आबा गाडीत दार चढवीत होते. मिस्त्री अंतर राखून उभा होता.

“मिस्त्री,” आबा त्याच्याकडे न बघता म्हणाले, “ह्यो मधला एकच पट्टा चमकतुया. असलं दार नेलं तर कारभारीन मला घरात घील व्हय?”

“मग काय करायचं, आबा?”

“काय म्हंजी? बसा गाडीत. आन् त्या बाटल्या माज्याकडं द्या, हिंदकळत्याल.”

भर बाजारातून आबा त्या तिन्ही बाटल्या मांडीवर घेऊन गेले, विलायती लेबल बाहेरच्या बाजूला ठेवून. कपाट पुरे झाले. पुढे इंदापूरच्या खुर्च्याही झाल्या.

अन्याय दिसला की पत्र लिहिण्याची माझी सवय गेलेली नाही, जाऊही नये. तेव्हापासून एक पथ्य मात्र पाळतो : पत्र टपालात टाकण्यापूर्वी अशिलाला वाचून दाखवतो. ते चार पानी पत्र मी मिस्त्रीला फार उशिरा वाचून दाखवले. ऐकून तो म्हणाला,

“झ्याक लिवलंय, सायब. पर लाख इरघाळली की त्येला स्पिरिट कोन म्हनतं? पानी घातलं की फुटतंय त्ये. तोंडात घालायच्या कामाचं ऱ्हात न्हाय. मला इचारायचं की.”

चार पानांत एवढे एकच लिहायचे राहिले होते.