सासूबाई खाली का बसत नसत

मला चौकशा फार. कारंज्याला माहेरी सगळे म्हणायचे, सासरी गेल्यावर तरी हिचं तोंड बंद होईल. कसलं काय!

लग्न होऊन सेलूजवळच्या गावात आले आणि चौकशीला नवा विषय मिळाला: सासूबाई. कामाला वाघीण, पण भाजी चिरायला कधी खाली बसायच्या नाहीत, ओट्यापाशी उभ्यानंच चिरायच्या. शिंक आली की हातातलं टाकून आधी भिंत धरायच्या. गल्लीतल्या बाया गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला निघाल्या, जीपमध्ये यांची जागाही धरली, तर ऐनवेळी यांचं डोकं दुखलं. दुपारी बघते तर बाई शेतात कापूस वेचतायत! आता असलं डोकं कुठलं दुखतं हो? मला काही चैन पडेना.

एक दिवस पाण्याची बादली आत आणली आणि ओटा धरून तशाच उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"आई, काय होऊन राह्यलं तुम्हाले?"

"काई नाई. तू पोळी पाह्य, जळून राह्यली."

"जळू द्या पोळी. सांगा आधी."

त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "अंग बाहेर येते माह्यं."

गर्भाची पिशवी खाली सरकली होती. खाली बसलं, वजन उचललं की बाहेर यायची. जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधून त्या घरची, शेतातली सगळी कामं करत होत्या. वर मलाच समजावतात, "माह्या मायलेबी होतं. बाईच्या जातीले असतेच हे."

मी तडक उपकेंद्रातल्या सिस्टरला गाठलं. तेव्हा मला दिवस गेलेले, त्या नेमानं घरी यायच्या. म्हटलं, माझं वजन घेता, माझा बीपी बघता, माझ्या गोळ्या मोजता. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासूला कधी काही विचारलं? सिस्टर खरं बोलल्या. "पोटुशी बाई, बाळंतीण आन् लेकरू, एवढंच विचारायले सांगतात आमाले. पोरं होऊन गेली की बाईले कोणी विचारत नाई."

हे मला फार लागलं. पण त्यांनी लगेच तालुक्याच्या दवाखान्यात फोन लावला. तिथे बाई डॉक्टर फक्त बुधवारी यायच्या, आणि पुरुष डॉक्टरपुढे मेले तरी जाणार नाही, असं सासूबाईंनी बजावलेलं.

बुधवारी गेलो, तर मॅडम ट्रेनिंगला! असा संताप आला मला. एक बाई जागेवर नाही, तर आख्ख्या तालुक्यातल्या बायांनी परत जायचं? सासूबाई मात्र पिशवी काखेत मारून खुशाल निघाल्या. "पाह्य, देवाच्याच मनात नाई." आता ही बाई पुन्हा कशाची येते, या धास्तीनं मला आठवडाभर जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी मी आमच्या ह्यांनाच सोबत घेतलं. आईला बायांचं काही दुखणं आहे, एवढंच सांगितलं. लेकापुढे त्यांना नाही म्हणता येईना.

मॅडमनी पडद्यामागे नीट तपासलं. मग टेबलाशी बसवून म्हणाल्या, ऑपरेशन लागेल, जिल्ह्याला पाठवते, बरं होईल. आणि विचारलं, "आजी, हे कधीपासून आहे?"

सासूबाईंनी उघड्या दाराकडे बोट केलं. बाहेर आमचे हे मोबाईल बघत उभे होते.

"तो पोरगा दिसते ना? तो झाला तवापासून."

मॅडमचा पेन थांबला. मला तर रडूच कोसळलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेड्यासारखंच काही करतेय.

बाहेर आल्यावर ऑपरेशनचं ऐकून हे घाबरले. "ऑपरेशन? काऊन? कधीपासून होतं हे?"

मी म्हटलं, "आईलेच विचारा."

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "झाला असन महिना-दोन महिना. चाल, ऑटो पाह्य."