शंकासुराचा पहारा

घरात तिला सगळे शंकासुर म्हणत. दाराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची, मग नवऱ्यालाही ओढायला लावायची. कोड तपासण्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

एका डिजिटल नाण्याच्या ब्लॉकचेनचा कोड सगळ्यांना वाचायला खुला होता. सोमवारी त्यात तिला असं भगदाड सापडलं, की कुणालाही दुसऱ्याचं खातं साफ करता आलं असतं. रिवाजाप्रमाणे तिनं फक्त कोड सांभाळणाऱ्या मंडळींना गुपचूप कळवलं. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत सगळ्यांनीच तोंडाला कुलूप लावायचं होतं.

पण त्या मंडळींवर तिचा काडीचाही विश्वास नव्हता. ब्लॉकचेनवर खातं कोणाचं ते कळत नाही, पण त्यातून काय गेलं ते साऱ्या जगाला दिसतं. ती डोळ्यांत तेल घालून बघत बसली. गुरुवारी एक जुनं खातं झाडून रिकामं झालं. तिनं लगेच प्रमुखाला खरमरीत लिहिलं, "तुमच्यात कुणीतरी फितूर आहे."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना नवरा म्हणाला, "त्या नाण्यातले माझे पैसे काल काढले बरं का. सगळे."

तिचा कप हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? रोज जेवताना त्याचा भाव विचारायचीस. सोमवारपासून नावसुद्धा काढलं नाहीस."

तिनं लॅपटॉप पुढे ओढला आणि प्रमुखाला लिहिलं, "माफ करा. फितूर मीच. तोंड बंद ठेवलं, त्यातूनच बातमी फुटली."