काकांनी सगळं सांगितलं

आवाज म्हणजे काय, हे मला थोडंफार माहीत आहे. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून माझी उभी हयात गेली. कानाला हेडफोन लावून लाखो माणसांचे आवाज ऐकले. ते सगळे तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या जिवंत माणसांचे होते. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जायची. आजही या सदरातले अनुभव वाचताना मनात म्हणते, काहीतरी कारण असणारच, सापडलेलं नसेल इतकंच. तरीही लिहितेय. कारण माझ्या बाबतीत ते कारण मला अजून सापडलेलं नाही... आणि शोधायचं मी थांबवलंय.

आम्ही वारज्याला राहतो. राहतो म्हणजे आता मी एकटीच. ह्यांची चिंचवडला एका कारखान्यात नोकरी होती, मेंटेनन्सला. नव्वदनंतर कारखान्यांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली, त्यात हे पन्नाशीतच घरी बसले. बसले म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी स्कूटर काढून खडकवासल्याच्या पुढे गेले आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "अगं, मी बेट घेतलंय."

बेट कसलं, टेकाड होतं ते. धरणाच्या फुगवट्यात शिरलेला जमिनीचा एक तुकडा. उन्हाळ्यात चिखलातून चालत जाता यायचं. श्रावणात धरण भरलं की चारही बाजूंनी पाणी, मग होळीपर्यंत नावेशिवाय जाता येत नसे. तिथे ह्यांनी स्वतः उभं राहून दोन खोल्यांचं कॉटेज बांधलं. आमच्या दोघांसाठी म्हणून बांधलं होतं. पण हिंजवडीत कंपन्या आल्या, शनिवार-रविवार कुठेतरी जायला तडफडणारी मुलं आली, आणि एकाचं ऐकून दुसरा असं करत आमच्याकडे बुकिंग सुरू झालं.

ह्यांना बुकिंगपेक्षा आनंद कसला, तर माहिती सांगण्याचा. पाहुणे नावेतून उतरले की हे पायरीवर उभे. पांढरा बुशशर्ट, खिशात पेन आणि टेस्टर. पाहुण्यांनी पाठीवरच्या बॅगा खाली ठेवायच्या आत सुरुवात.

"हे पहा, हा बोर्ड. डावीकडचं बटण मोटरचं. उजवीकडचं कशाचंच नाही, वायरमनने स्वतःच्या समाधानासाठी बसवलंय. प्यायचं पाणी माठातलं. नळाला येतं ते धरणाचं. पुण्यात आपण तेच पिता, पण तिथे ते आधी गाळतात. बूट झटकून घालायचे, विंचवाला आपलं डेसिग्नेशन कळत नाही. मोबाईलला रेंज फक्त त्या उंबराखाली. साहेबाशी बोलायचं असेल तर तिथे उभं राहा, नसेल तर उत्तम. दिवस मावळला की नाव बंद. नंतर काही आठवलं तर ते सकाळपर्यंत आठवत ठेवा."

मुलं हसायची. मग ह्यांचा आवाज बदलायचा. "आणि मागच्या बाजूने पाण्यात उतरायचं नाही. पाणी गुडघाभर वाटतं, पण खाली जुन्या गावची विहीर आहे."

ती विहीर उन्हाळ्यात उघडी पडायची. कठडा केव्हाच ढासळलेला. धरण भरलं की वर नुसतं शांत, हिरवट पाणी. हे दर पावसाळ्यानंतर तिथे बांबू रोवून दोरी बांधायचे, दोरीला लाल फडकी लावायचे. तरी प्रत्येकाला तोंडाने सांगायचेच.

दोन हजार सात-आठचा सुमार. गणपतीच्या आधी एका सकाळी हे दाढी करताना बेसिनपाशी कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. एकच शब्द शिल्लक राहिला... "चला." पाणी हवं असलं तरी चला, पाठ दुखली तरी चला, पोरीचा अमेरिकेतून फोन आला की रिसीव्हर कानाशी धरून, "चला, चला." पलीकडे ती रडायची, अलीकडे मी. आणि मध्ये हे, आपल्याच तोंडातून काय बाहेर पडतंय ते ऐकून चकित झाल्यासारखे.

मी बुकिंग बंद करायचं ठरवलं. ह्यांच्यासमोर तसं बोलले, तर डाव्या हाताने पलंगावर थापा मारायला लागले. चेहरा लाल. "चला! चला!" बंद करू नकोस, एवढाच त्याचा अर्थ होऊ शकत होता. म्हणून चालू ठेवलं. किल्ली वारज्याहून द्यायची, माहिती मी फोनवर सांगायची, नाव आमचा नामदेव चालवायचा.

नाताळच्या सुट्टीत अश्विनी नावाच्या मुलीचं बुकिंग होतं. मूळची अमरावतीची, हिंजवडीत नोकरीला. ती, तिचा नवरा निखिल आणि त्यांचे दोन मित्र. आमची तोवर गाठभेट नव्हती. शनिवारी सकाळी निखिल एकटाच जिन्यात येऊन किल्ली घेऊन गेला. फोनवर मी अश्विनीला सगळं सांगितलं होतं... मोटर, माठ, विहीर, सगळं. ती "हो काकू, हो काकू" म्हणत होती. दोरीचा एक बांबू वाहून गेला होता. तो उद्या बसवतो, असं नामदेव म्हणाला होता, तेही तिला सांगितलं.

तो शनिवार मला चांगला आठवतो, कारण दुपारी हे कधी नव्हे इतके गाढ झोपले होते. एरवी सारखी चुळबूळ. त्या दिवशी हाक मारली तरी हलेनात. मी घाबरून छातीवर हात ठेवून पाहिला. श्वास संथ चालला होता. दिवेलागणीला जागे झाले, ते दमल्यासारखे. कपाळावर घाम, डिसेंबरात. मी पुसला. बाकी काही नाही.

रविवारी संध्याकाळी अश्विनी आणि निखिल किल्ली द्यायला आले. या वेळी दोघंही वर आले. तिने येताना पेढे आणले होते. दारातच म्हणाली, "काकू, काका कुठे आहेत? त्यांना थँक्स म्हणायचं होतं. काल घाईघाईत राहूनच गेलं."

मला वाटलं, नामदेवबद्दल बोलतेय. म्हटलं, "नामदेव तिकडेच राहतो."

"नामदेवभाऊ नाही हो. काका! आम्ही नावेतून उतरलो तर पायरीवर उभेच होते. किती छान सगळं समजावून सांगून राहिले होते. ते बटण वायरमनने स्वतःच्या समाधानासाठी बसवलं म्हणे!" आणि ती खळखळून हसली.

मी हसले नाही. ते वाक्य मी फोनवर कधीच कुणाला सांगत नसे. ह्यांचे विनोद माझ्या तोंडी शोभत नाहीत.

"कसे होते दिसायला?" मी विचारलं.

"उंच. पांढरा शर्ट, खिशात स्क्रूड्रायव्हरसारखं काहीतरी. थोडं खवचट बोलतात, पण प्रेमळ." मग ती गंभीर झाली. "काकू, खरं सांगू? आमचा समीर वाचला त्यांच्यामुळे. मी त्याला विहिरीचं सांगितलं होतं, काकांनीही सांगितलं होतं, पण तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. दुपारी तो एकटाच मागे गेला. आम्ही पुढे चूल पेटवत होतो. एकदम काकांचा मोठा आवाज आला, अहो! तिकडून नाही! आम्ही धावलो, तर हा पाण्यात एक पाय टाकून थिजून उभा."

निखिल म्हणाला, "आवाज चौघांनीही ऐकला, काकू. काका मात्र दिसले नाहीत. वाटलं, झाडीत असतील, मग नावेने गेले असतील. आज सकाळी नामदेवभाऊंनी तिथे बांबू घालून दाखवला. बांबू संपला, तळ नाही लागला."

मी दोघांना आतल्या खोलीत नेलं. हे पलंगावर उशीला टेकून बसले होते. चार महिन्यांत निम्मे झालेले, दाढी वाढलेली, ओठ एका बाजूला ओढलेला. अश्विनीने नमस्कार केला आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, "हे काकांचे मोठे भाऊ का?"

ह्यांना भाऊ नाही. होता कधी असंही नाही.

बाहेरच्या खोलीत आमच्या पोरीच्या लग्नातला फोटो होता. बाहेर आल्यावर तो मी तिच्या हातात दिला. तिने ह्यांच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हेच." मग तिने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. तिच्या हातातून पेढ्यांचा बॉक्स निखिलने काढून घेतला, नाहीतर पडला असता. मी सांगितलं, गणपतीपासून हे या पलंगावरून स्वतःहून उठलेले नाहीत. आणि बोलत तर नाहीतच.

मी तिला पाणी दिलं. घोट घेऊन ती माझ्याकडे बघायला लागली. "काकू... आणखी एक होतं. मी त्यांना विचारलं, काकू नाही आल्या का? तर म्हणाले, नाही आणलं. तिचा गुडघा दुखतोय. मला उचलून उचलून दुखावलाय. सांगत नाही ती कुणाला."

मी डाव्या गुडघ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिले. दिवाळीत ह्यांना खुर्चीत बसवताना तो मुरगळला होता. डॉक्टरांना नाही, पोरीला नाही, कामाच्या बाईलाही मी बोलले नव्हते. ह्यांच्यासमोर तर लंगडायचंही नाही असं ठरवलं होतं. त्यांना अपराधी वाटलं असतं.

तिला त्या बोलण्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. उचलून म्हणजे काय? चांगला धडधाकट माणूस समोर उभा. तिला वाटलं, हाही एखादा पुणेरी विनोद असेल.

मुलं गेल्यावर मी ह्यांच्याशेजारी बसले. विचारलं, "अहो, तुम्ही काल गेला होतात का हो तिकडे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चला," म्हणाले. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पॅरालिसिसच्या पेशंटला कारणाशिवाय रडू येतं, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. म्हणून मी त्याला पुरावा मानत नाही.

दुसऱ्या दिवशी नामदेवला फोन लावला. तो आधी चिडलाच. "वैनी, नावेत चौघंच व्हते. पाचवं मानूस म्या बघितलं न्हाई. आन् सायेब हाय म्हनल्यावर मला दिसलं नसतं व्हय?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "पन वैनी... माजं कुत्रं मातुर त्या दिवशी पायरीकडं बघून शेपूट हालवत व्हतं."

मी माझ्या परीने सगळं तपासलं. कॉटेजमध्ये ह्यांचा फोटो नव्हता. विनोद आधीच्या पाहुण्यांकडून कळले असतील, हे शक्य आहे. अश्विनीला विचारलं, तर आधी आलेलं कोणीच तिच्या ओळखीचं नव्हतं, बुकिंग तिने इंटरनेटवर नंबर बघून केलं होतं. पोरगी फोनवर म्हणाली, "आई, काठावरच्या एखाद्या माणसाने बाबांची नक्कल केली असेल." असेल. बाबांची नक्कल सगळा काठ करायचा. पण माझ्या गुडघ्याचं काठाला काय माहीत?

संक्रांतीनंतर हे गेले. झोपेतच गेले.

चौदावा झाल्यावर मी बेटावर राहायला गेले. आठवडाभर एकटी राहिले. रोज सकाळी पायरीवर बसायची, दुपारी मागच्या बाजूला. हाकही मारली, खोटं कशाला सांगू. पाण्यावर पाणकावळे बसलेले असायचे, तेवढे उडायचे. उजवीकडचं बटण दाबून पाहिलं. एकदा तर मुद्दाम मागून पाण्यात पाऊल टाकलं, आता तरी ओरडतील म्हणून. घोट्यापर्यंत गार पाणी लागलं. बराच वेळ तशी उभी होते. नामदेवनेच लांबून पाहिलं आणि नाव वल्हवत आला. त्याने हात धरून मला वर घेतलं.

कॉटेज आता नामदेवचा जावई बघतो. दोरी पक्क्या खांबांना बांधली आहे. मी तिकडे जात नाही.

अश्विनी अजून येते. तिला मुलगी झाली, तीही शाळेत जायला लागली. दिवाळीचा फराळ घेऊन येते, तेव्हा मी तिला पुन्हा विचारते, कसं म्हणाले गं? ती सांगते. दर वेळी तेवढंच, एक शब्द जास्त नाही. ती म्हणते, "काकू, आवाजात काळजी होती, एवढं नक्की."

कोणी वाचक मला यामागचं कारण सांगू शकले तर मी ऐकेन, वाद घालणार नाही. पण मला विचारायचं ते वेगळंच आहे. चार-पाच महिने रात्रंदिवस मी ह्यांच्या तोंडाशी कान नेऊन बसत होते... माझ्याशी एक शब्द धड बोलता आला नाही. आणि माझा गुडघा दुखतोय हे सांगायला बोलता आलं, तेही एका परक्या पोरीशी.