दगड आला की बदलायचं

लग्नकार्यात अजूनही कुणीतरी भेटतं आणि विचारतं, एवढी हुशार होतीस, मग डॉक्टर कशी नाही झालीस? विचारताना आवाज असा लावतात की मी वारलेच आहे. मी सांगते, ट्रायथलॉनच्या नादी लागले. त्यांना वाटतं हा एखादा कोर्स असावा. लातुरात राहायचं म्हटलं की प्रत्येक शब्द कोर्सच वाटतो, त्यात त्यांचा काही दोष नाही. मी कॉलेजात खेळ शिकवते. राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा उतरले, पदक एकदाही मिळालं नाही, परदेशात कधी गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुठूनतरी पदक निघेल या आशेवर कुणी वाचत बसायला नको.

खेळ सांगायला सोपा आहे. पंधराशे मीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून चाळीस किलोमीटर जायचं, उतरलं की दहा किलोमीटर पळायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. हे तिन्ही मला कुणी खेळ म्हणून शिकवलेलं नव्हतं. पळायला तर खेड्यातल्या पोरीला कुणी शिकवतच नाही.

पोहणं विहिरीत आलं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, पाठीला रिकामा डबा बांधून मला आमच्या विहिरीत सोडलं तेव्हा मी सात वर्षांची होते. विहिरीत पोहणारा गोल पोहतो. भिंतीला हात लागायच्या आत वळायचं आणि मान वर ठेवायची, कारण वरून कोण उडी टाकेल याचा नेम नसतो. मी डावीकडं वळायची. आयुष्यात पंधरा हातांच्या पलीकडं सरळ असं मी पोहलेच नव्हते.

अकरा वर्षांची असताना भूकंप झाला. आमच्या गावातल्या दगडमातीच्या भिंती माणसांवर आल्या. आमच्या घरातून आजोबा गेले. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी हातांनी दगड उपसले, त्यांच्याच वर्गातली पोरं बाहेर काढली. त्यातली एक पोरगी बोलत होती. पाणी मागत होती. डॉक्टर गावात पोचेपर्यंत दुपार झाली आणि तोवर ती बोलायची थांबली. अण्णांनी हे घरात एकदाच सांगितलं, आणि त्याच दमात सांगितलं की ही डॉक्टर होणार. ही म्हणजे मी. त्या माणसाशी मी काय भांडणार होते?

पत्र्याच्या शेडात दोन वर्षं काढून आम्ही पुनर्वसनाच्या नव्या गावात गेलो. हायस्कूल तिथून बारा किलोमीटर. सहा पोरी सायकलवर जायचो. आमच्याकडच्या माळावर पश्चिमेचा वारा सुटला की सायकल जागेवरून हलत नाही, आणि शाळा नेमकी पश्चिमेला. त्यावर आम्ही आमचा कायदा काढला. सहाजणींनी एकामागं एक, चाकाला चाक लावून चालायचं. पुढची वारा फोडणार, बाकीच्या तिच्या आडोशाला. किलोमीटरचा दगड आला की पुढची ओरडणार, "दगड", बाजूला होऊन मागं जाणार आणि दुसरी पुढं येणार. जी आपला दगड चुकवायची तिला आम्ही फुकटी म्हणायचो आणि आठवडाभर तिच्या डब्यातलं लोणचं खायचो. दमली असेल तिला अर्ध्या दगडाची सूट होती. याला कुणी फसवणूक म्हणेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

दहावीला चांगले गुण पडले आणि मी लातूरला आले. त्या वर्षांत लातूर म्हणजे खोल्या, खानावळी, क्लास आणि चौकाचौकात लागलेले गुणवंतांचे फोटो. गल्लीतल्या सगळ्या घरांत पहाटे चारला दिवा लागायचा, कारण पोरांना चारला उठवणं हे तिथल्या आईबापांचं व्रतच होतं. ज्यांचे आईबाप गावी, त्यांचं व्रत घरमालकीणबाई चालवायच्या. अण्णांनी आमच्या बाईंना तसं बजावून ठेवलं होतं. त्या चारला दारावर थाप मारायच्या. मी उठायची, दिवा लावायची आणि सायकल काढून औशाच्या रस्त्याला लागायची. जळत्या दिव्याच्या जिवावर माझी वर्षभर अभ्यासू म्हणून ख्याती होती.

ट्रायथलॉन मला वाचनालयात सापडलं, एका इंग्रजी क्रीडा मासिकात. डिक्शनरी शेजारी घेऊन मी तो लेख तीन दिवस वाचला. अमेरिकेत, समुद्रकाठच्या एका गावात, मैदानावर गोल गोल पळून कंटाळलेल्या काही लोकांनी सत्तरच्या दशकात हा खेळ जुळवला. पुढं हवाई बेटावर वाद झाला की पोहणारा कणखर, सायकलवाला कणखर की पळणारा. वाद मिटेना म्हणून त्यांनी तिन्ही एकाच दिवशी करून पाहिलं. वाद घालता घालता वाढलेला खेळ, म्हणून तो मला पहिल्यांदा आवडला. मग त्याची जागतिक संघटना झाली, जागतिक अजिंक्यपद आलं आणि आता तो सिडनीच्या ऑलिंपिकला पहिल्यांदा असणार होता. लेखाच्या शेवटी दोन ओळी होत्या. सायकलवर दुसऱ्याच्या मागं, वाऱ्याच्या आडोशाला चालायची या खेळात बंदी होती; पण अव्वल आंतरराष्ट्रीय शर्यतींत काही वर्षांपूर्वी ती उठवली, आणि तिथं आता सगळे घोळक्यानं, आळीपाळीनं वारा फोडत जातात. मी त्या दोन ओळी वहीत उतरवून घेतल्या. आमचा दगडाचा कायदा जगानं मान्य केला होता आणि आम्हाला कुणी कळवलंही नव्हतं.

बारावीच्या जानेवारीत नांदेडला विभागाची निवड चाचणी होणार असल्याचं कळलं. पहिल्या दोघी राज्याच्या चाचणीला जाणार होत्या. मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, एकदा जा. निवड झाली तर मी आडवा येणार नाही. नाही झाली तर मेडिकलला लागेपर्यंत सायकलला हात लावायचा नाही. मी हो म्हणाले. निवड होऊ नये असंच त्यांना वाटत होतं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. स्वतः मात्र बरोबर आले, सायकल एसटीच्या टपावर चढवून दोरीनं बांधलीसुद्धा त्यांनीच.

गोदावरीच्या धरणाच्या पाण्यात आम्ही आठजणी उतरलो. शिट्टी झाली आणि मी मान वर काढून जोरात हात मारायला लागले. थोड्या वेळानं पाहते तर आजूबाजूला कुणीच नाही. मला वाटलं मी पहिली आहे. मग नावेतला माणूस बोंब मारताना ऐकू आला, की बाई, कुठं निघालीस, काठ इकडं आहे. सवयीनं मी डावीकडं वळत गेले होते आणि निघाले तिथंच परत येत होते. समोर भिंत नसलेलं पाणी मी पहिल्यांदा पाहत होते, मी तरी काय करणार. मग पलीकडच्या काठावरच्या एका बाभळीवर नजर रोवली आणि तिला सोडलीच नाही. बाहेर आले तेव्हा सातवी होते. आठवी पाण्यातच रडत होती.

सायकलवर दहाव्या किलोमीटरला मी एका उंच पोरीला गाठलं. ती कंधारची, तिची सायकल माझ्यासारखीच, मडगार्ड आणि कॅरियर काढून हलकी केलेली. वारा समोरून होता. मी विचारलं, दगडाला बदलायचं का? तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि "हाव" म्हणाली. समजावून सांगावं लागलं नाही, तिकडंही वारा असतोच. एक दगड ती, एक दगड मी. आम्ही एकेक करत चौघींना मागं टाकलं. शेजारून चाललेल्या स्पर्धेच्या जीपमधून कुणीतरी काहीतरी लिहून घेत होतं, मला वाटलं आमचं कौतुक लिहितायत. पळण्यात मी दुसरी आले, ती तिसरी.

निकाल लागला तेव्हा आम्हा दोघींची नावं त्यात नव्हती. मंडपातल्या टेबलामागं मुख्य पंच बसले होते. त्यांनी सांगितलं, दुसऱ्याच्या चाकामागं चालणं नियमबाह्य आहे, दोघी बाद. मग आवाज मऊ करून म्हणाले, पोरी लहान आहात. आम्ही फसवणूक केली, पुन्हा करणार नाही, असं लिहिलेला कागद इथं आहे. सही करा, दोघींना राखीव म्हणून घेतो. कंधारच्या पोरीनं सही केली. तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं की राखीव तरी झाले नाही तर घरचे पुन्हा दाराबाहेर पाठवणार न्हाईत. मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही.

मी वही काढली आणि त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. पंच हसले. म्हणाले, "ते जगातल्या मोठ्या खेळाडूंसाठी आहे, बाई. तुम्ही कोण?"

माझ्या अंगाची लाही झाली. माझ्या पाण्यातल्या वळशाची थट्टा केली असती, माझ्या सायकलची केली असती, मी हसले असते. पण फसवणूक? सहा पोरींनी तीन वर्षं एकमेकींचा वारा अंगावर घेतला, त्या सगळ्या चोर? मी वही पुन्हा उघडली. तेवढ्यात अण्णा पुढं आले. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. कागद कोरा राहिला की मी बाद, मी बाद की वचनाप्रमाणं मी मेडिकलला. सही केली असती तरी राखीव म्हणजे निवड नव्हेच, ते जिंकलेच होते. त्यांनी तो कागद सावकाश वाचला, जसा पोरांचा पेपर वाचायचे, आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, ही चाचणी मोठे खेळाडू घडवायलाच हाय ना?" अण्णा म्हणाले. "मग त्यांचा नियम तुम्हाला ठावं नव्हता म्हणा. तुमचा नियम माझ्या पोरीला ठावं नव्हता, तेवढं मी लिहून देतो. फसवलं असं लिहिलेल्या कागदावर ती सही करणार न्हाई."

तसं लिहिलेलं पंचांना नको होतं. आम्ही परत आलो. एसटीत अण्णा एवढंच म्हणाले की ठरलं होतं ते ठरलं. मीही शब्द पाळला. सायकल बाईंच्या जिन्याखाली उभी राहिली आणि मी चारला उठून खरोखर पुस्तकं वाचली. तरी प्रवेश थोडक्यात हुकला. रिपीटरच्या बॅचमध्ये बसले. शिळ्या भातासारखं त्या बॅचकडं कुणी बघत नाही, आणि तिथं मला रोज, अगदी रोज, धरणाचं पाणी आठवायचं.

सप्टेंबरात सिडनीचं ऑलिंपिक सुरू झालं. शनिवारी अर्धी शाळा करून अण्णा डबा घेऊन आले. दुसऱ्या दिवशी मराठवाडा मुक्तिदिन, शाळेत झेंडावंदन, म्हणून त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परतायचं होतं. बाईंच्या टीव्हीवर दिवसभरातलं दाखवत होते. ऑलिंपिकमधलं पहिलंवहिलं ट्रायथलॉन, आणि पहिली शर्यत बायकांची. पुरुषांचा नंबर दुसऱ्या दिवशी. मी दारातच उभी राहिले. अण्णा पिशवी हातात घेऊन उभेच होते. पाण्यातून त्या बाहेर आल्या, सायकलींवर बसल्या आणि काही वेळातच एकीमागं एक रांग झाली. चाकाला चाक. पुढची जराशी बाजूला झाली, हळू पडली, मागं गेली. दुसरी पुढं आली.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. "अगं, ह्या तर दगड बदलायल्यात," ते म्हणाले.

मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही. त्यांनी शेवटची बाई रेषेवर येईपर्यंत पाहिलं. गाडी चुकली. जेवून हात धुताना म्हणाले, "सायकलीत हवा हाय का?"

मी म्हणाले, भरता येईल.

"गाव इथून चाळीस किलोमीटर. पहाटे चारला मी उठवतो. मी पहिल्या यष्टीनं जातो, तू सायकलीनं ये. साडेसातला झेंडा हाय. त्याच्या आधी पोचलीस तर बोलू पुढचं."

त्या दिवशी वारा पश्चिमेचाच होता आणि आठ महिने पाय पुस्तकाखाली होते. दर दगडाला मी सवयीनं बाजूला व्हायची, आणि मागं कुणी नसल्यानं पुन्हा पुढं यायची. चाळीसच्या चाळीस दगड माझेच. शाळेच्या वळणावर आले तेव्हा पोरं रांगेत उभी होती, गावकरी खांबाकडं तोंड करून उभे होते, आणि एकटे अण्णा, हातात दोरी धरून, रस्त्याकडं बघत होते. जवळ गेले तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या घड्याळात सात बत्तीस झाले होते.

झेंडा अजून गुंडाळलेलाच होता.