टनावर घेतलेली खोली

पाथर्डीतल्या नव्या बिल्डिंगीत खोली बघायला लंकाबाई गेली, तेव्हा तिने पहिली चौकशी केली ती खिडकीची.

"ही केवढ्याला पडली?"

बिल्डरच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, "खिडकी वेगळी नसते मावशी. एक खोली, किचन, संडास-बाथरूम, सगळं धरून आठ लाख."

"ते कळलं. नुसती खिडकी सांगा. तुमी इकतच आनली आसंल ना?"

माणूस हसला. जाळीसकट सात हजार म्हणाला. लंकाबाईने लेकीकडे पाहिलं. पंकजाने मोबाईलवर आकडे दाबले आणि सांगितलं, "वीस टन, आई."

"वीस टन!" काचेवरून हात फिरवत लंकाबाई म्हणाली. "म्हंजी दहा दिस ऊस तोडायचा आन मग ह्यातून बाहेर बघायचं. बरी हाय."

ऊस तोडायला टनामागं साडेतीनशेच्या वर थोडं सुटतं. नवरा-बायको मिळून दिवसाकाठी दोन टन पाडतात. त्या जोडीला ऊसतोडीत 'कोयता' म्हणतात. माणसं दोन, मोजायची एक. लंकाबाई पंचवीस हंगाम अशीच मोजली गेली होती, त्यामुळं तिचा हिशोब रुपयात बसतच नसे. फरशी किती टनाची, बेसिन किती टनाचं, ती आपलं विचारत सुटली. पार्किंगचे पन्नास हजार वेगळे, असं त्या माणसाने सांगितलं तेव्हा मात्र तिने पंकजाला मोबाईल उघडू दिला नाही.

"आमची गाडी मुकादमाची आसती. ती सोता दारात येती, आमाला भरती आन घिऊन जाती. तिला कशाला पार्किंग?"

खोली घ्यायची होती ती पंकजासाठी. दिवाळीच्या आसपास ट्रक भरभरून गावातली धडधाकट माणसं साखर कारखान्यांकडं निघून जातात, आणि चैतापर्यंत गावात म्हातारी, शेरडं आणि कुलपं उरतात. पंकजा दहावीपर्यंत वसतिगृहात राहिली. अकरावीला पाथर्डीच्या कॉलेजात गेली, तेव्हा लंकाबाईने तिला आणि सासूला, बनुबाईला, भाड्याच्या खोलीत ठेवलं. त्या डिसेंबरात उसाच्या फडात फोन आला. पंकजा रडत नव्हती, नुसती हळू बोलत होती. मालकाचा पोरगा मीटर बघायचंय म्हणून संध्याकाळचा तीनदा आत आला होता. बनुबाईला मोतीबिंदू. तिला तो दिसला नव्हता, पण त्याच्या अंगाला येणारा सेंटचा वास तिने ओळखून ठेवला होता.

"भाड्याच्या खोलीला मालक आसतो, आन मालकाला ल्योक आसतो," लंकाबाई तेव्हापासून म्हणायची. "मपल्या लेकीला दार मपलंच पायजे."

गावातल्या बाकीच्या आयांनी यावर एकच तोड काढली होती. पोरगी चौदा-पंधराची झाली की उजवून टाकायची. लंकाबाई अशा बायांना पाणवठ्यावर सगळ्यांदेखत बोलायची. तिचं स्वतःचं लग्न चौदाव्या वर्षी झालेलं. नवऱ्याच्या, भिमाजीच्या, बापाला कोयता पुरा करायचा होता, म्हणून. लग्नाच्या हळदीनेच ती फडात गेली, आणि पहिल्या आठवड्यात वाढ्याने, उसाच्या शेंड्याच्या धारदार पातीने, तिचे दोन्ही गाल चिरले. त्या चिरांच्या बारीक पांढऱ्या रेघा अजून आहेत. हसली की दिसतात, आणि ती हसायची भरपूर.

बँकेने कर्ज दिलं नाही. पगाराचा कागद नाही, सातबाऱ्यावर खडकाळ दीड एकर. बिल्डर म्हणाला, निम्मे भरा, चावी देतो, उरलेले दरसाल. बैलजोडी विकली, शेरडं विकली, दोन हंगामांचं पोटाला चिमटा घेऊन ठेवलेलं होतं ते काढलं. अडीच लाख झाले. आता दीड लाख हवे होते, आणि ते दसऱ्याच्या आत. कारण त्याच खोलीवर एका मास्तरांचा डोळा होता, आणि मास्तर रोख घेऊन उभे होते.

त्यात मागच्या हंगामात भिमाजीचा हात गेला होता. ट्रक भरताना शिडीवरून मोळीसकट खाली आला आणि उजवा हात मनगटात मोडला. निम्मा हंगाम बुडाला आणि मुकादमाची सत्तर हजार बाकी अंगावर राहिली. हात जोडला, पण वाकडा. चहाची कपबशी धरता येते, कोयता धरला की अर्ध्या तासात बोटं सुन्न.

मुकादम श्रीमंत भादव्यात चहाला आला. हा त्याचा फिरण्याचाच महिना. घरोघरी बसायचं, पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, ठरवायची, कोण कुणाबरोबर तोडणार ते पक्कं करायचं.

"तू आन अंगद, मायलेकाचा एक कोयता," तो लंकाबाईला म्हणाला. अंगद तिचा थोरला, एकविशीतला. "त्याची उचल एक लाख वीस. त्यातून मागली बाकी गेली की पन्नास हजार हातात."

"मला दीड लाख लागत्यात, मुकादम."

"मंग दुसरा कोयता भर. भिमाजी हळूहळू तोडंल, मोळ्या बांधायला पंका हाय की. दोन कोयत्याची उचल घे, बाकी वळती कर, खोली घे. मी कुटं न्हाई म्हन्लो?"

"पंकासाठीच तर खोली घेतीय मी."

"घे ना. हंगाम झाला की ऱ्हाईल ती खोलीत."

लंकाबाई हसली नाही. श्रीमंतने कपातला शेवटचा घोट बशीत ओतला, फुंकून प्यायला आणि जाताना म्हणाला, "पितरं उठली की सांग. माझ्याबी मागं कारखाना हाय."

बनुबाई आतून सगळं ऐकत होती. तिला दिसत कमी, ऐकू मात्र सगळं. तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "अंगदाचं लगीन करून टाका. ती दोघं एक कोयता, तुमी दोघं एक. पंकी ऱ्हाईल हितंच."

"येवढ्यात पोरगी कोन देईल, आत्या?"

"लंके, तू आली तवा तरी कोनतं मोठं ठरवून आनली हुती? बैल बगायला गेल्ता तुजा सासरा. बैल महाग निघाले."

दुसऱ्या दिवशी ती आणि भिमाजी डोंगरापलीकडच्या गावात गेले. तिथं एका घरात चार पोरी होत्या. थोरली रेश्मा, सोळा पुरी झालेली, दहावी पास. पोरीने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि दाराआड उभी राहिली. बाप म्हणाला, हुंडा जमणार नाही. लंकाबाई म्हणाली, नको. आईने विचारलं, "वय बसत न्हाई, कुनी काई केलं तर?"

"देवळात करू. मोजकी मानसं," लंकाबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं लक्ष पोरीच्या मनगटाकडे गेलं. मनगट जाड होतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून तिने नजर तिथून काढून घेतली.

पंकजाला हे लग्नाच्या आदल्या दिवशी कळलं. ती कॉलेजातून आली तर दारात मांडवाऐवजी नुसत्या चार केळी उभ्या. तिने दप्तर खाली ठेवलं नाही.

"आई, सोळाची हाय ती. माज्याहून लहान."

"मी चौदाची हुते."

"पानवठ्यावर त्या साळूच्या आईला काय बोलली हुती तू? मी हुते तितं."

"बोलली हुते. मंग?"

"तिला किती टन धरलंय, आई?"

लंकाबाईने हात उगारला, पण मारलं नाही. "तीनशे," ती म्हणाली. "न्हाई तर ते तीनशे तू तोड. बोल, येती का?"

पंकजा बोलली नाही. दप्तर घेऊन आत गेली. ते न बोलणं ती पुढं फार दिवस विसरू शकली नाही, असं बनुबाई सांगते. आई वाईट वागली हे तिला म्हणता येत होतं, पण मी येते, हे तिच्याही तोंडून निघालं नव्हतं.

लग्न झालं, उचल मिळाली, दसऱ्याच्या दोन दिवस आधी चावी मिळाली. मास्तरांनी दुसरीकडे घर बघितलं. ट्रक निघायच्या दिवशी सगळ्यांनी मिळून बनुबाईचं आणि पंकजाचं सामान तिसऱ्या मजल्यावर नेलं. लिफ्टच्या जागी अजून नुसतं भोक होतं. रेश्माने धान्याची कोठी एकटीने डोक्यावरून वर नेली. खोलीत येऊन तिने दिव्याचं बटण लावून बघितलं, विझवलं, परत लावलं. कोपऱ्यात पंकजाची पुस्तकं होती. त्यातलं एक उचलून ती उभ्या उभ्या वाचायला लागली. पंकजा म्हणाली, "बस की वैनी." तेवढ्यात खालून ट्रकचा हॉर्न वाजला आणि लंकाबाई म्हणाली, "चल गं, गाडी खोळंबलीय."

टोळी देवळाली प्रवराच्या बाजूला उतरली. थंडी पडली तसा ऊस पहाटे ओला, हाताला बर्फ. रेश्मा काम शिकली, कुणी उणं काढू शकलं नाही. लंकाबाई तिला पहिली भाकरी द्यायची, गालाला फडकं बांध म्हणून रोज सांगायची, सुनेला तोडून बोलणाऱ्या दुसऱ्या बायांवर धावून जायची. अंगदाने एकदा रेश्मावर हात उचलला, तर लंकाबाईने उसाच्या कांडक्याने त्याचाच हात सुजवला. सगळं केलं तिने. सुट्टी मात्र एका दिवसाचीही दिली नाही, कारण एक खाडा म्हणजे मुकादमाचा दंड, आणि दंड कुठून भरायचा हे तिच्या हिशोबात कुठंच बसत नव्हतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी रेश्मा पाणी आणायला गेली ती आलीच नाही. हंडा विहिरीच्या कठड्यावर सापडला, भरलेला. वाढे नेणाऱ्या टेम्पोतून ती राहुरीला गेली होती. तिथून एसटीला बायकांना अर्धं तिकीट. तेवढे पैसे तिने कसे साठवले होते कोण जाणे.

श्रीमंत त्यांच्या कोपीपुढं, पाचटाच्या झोपडीपुढं, येऊन उकिडवा बसला. आवाज चढवला नाही.

"लंकाबाई, कोयता मोडला. एक लाख वीस हजार हाय त्यो. पैशे काढ, न्हाई तर बाई उभी कर."

"आनते मी तिला."

"परवा सकाळपस्तोर. न्हाई आली तर मपली जीप पाथर्डीला जाईल. तुज्या लेकीला घिऊन येईल. तिचा बाप हितं हाय, भाऊ हितं हाय, मी काई परका न्हाई. पन आनीन."

भिमाजी वाकडा हात चोळत म्हणाला, "खोली परत करू. पैशे घिऊ."

"बिल्डर वापस देतोय व्हय? कापून किती देईल, कवा देईल? तवर जीप थांबती का?" लंकाबाईने लुगडं बदललं आणि निघाली.

डोंगरापलीकडच्या घरात रेश्मा चुलीपुढं बसली होती. तिच्या आईने विहीणबाईला पाट दिला, चहा ठेवला. शेवटी रेश्माच म्हणाली, "आत्या, तुमी वंगाळ न्हाई. पन मला न्हाई यायचं."

लंकाबाईने मनात शिव्या, धमक्या, सगळं जुळवून आणलं होतं. ते तोंडातून निघेना. ती म्हणाली, "तू न्हाई आली तर पंकीला नेतील."

"मंग मला कामून नेता?" रेश्माने विचारलं.

तिची आई उठली, दांडीवरून तिची दोन लुगडी काढली, पिशवीत भरली. पाठच्या तीन पोरी भिंतीला टेकून बघत होत्या. "ईहीनबाई," आई म्हणाली, "आमाला बी तीन हाईत अजून. तिचं नाव खराब झालं की ह्यांचं काई खरं न्हाई." आणि पिशवी तिने लंकाबाईच्या नव्हे, पोरीच्या हातात दिली. रेश्मा आईकडं बघतच राहिली. मग उठली.

नगरच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. मोहट्याच्या फाट्यापर्यंत रेश्मा हुंदके देत होती, पुढं थांबली. पाथर्डीच्या स्टँडवर कंडक्टर म्हणाला, गाडी वीस मिनिटं थांबेल, आणि चहाला उतरला. स्टँडच्या भिंतीमागं ती बिल्डिंग दिसत होती. तिसऱ्या मजल्यावर दोरीवर बनुबाईचं हिरवं लुगडं वाळत होतं.

"आत्या, ती आपली ना?" रेश्मा म्हणाली. "वर जाऊन येऊ? पंकाताईला भेटते नुसती. पानी पिते आन लगीच येते."

लंकाबाईने त्या लुगड्याकडं पाहिलं. आज रविवार, पंकजा घरीच असणार. जिन्यावर पावलं वाजली की दार उघडेल, रेश्माला बघेल, सगळं ओळखेल आणि तिला परत सोडणार नाही. पंकजाला ती जेवढी ओळखत होती तेवढं तरी खरं होतं. आणि सकाळी फडात दुसरा कोयता नसेल.

"गाडी सुटंल," ती म्हणाली.

"वीस मिन्टं म्हन्ला ना त्यो."

"सुटंल म्हन्ले ना."

तिने खालून जाणाऱ्या पाणीवाल्याला हाक मारली, वीस रुपयांची बाटली घेतली. आयुष्यात पाणी विकत घ्यायची तिची ही पहिलीच वेळ. झाकण फोडून बाटली तिने पोरीच्या हातात दिली. मग उठून तिला आतल्या बाजूला सरकवलं, स्वतः कडेला बसली, आणि दोन्ही पाय पुढच्या सीटला घट्ट टेकवून वाट अडवून ठेवली.

कंडक्टर आला. बेल वाजली. रेश्मा पाणी प्यायली नव्हती.