पोरं नेमसिंगच्या मागं गेली

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या खाजगी शाळेत उत्तमराव मास्तर मराठी आणि गणित शिकवायचे. पण गावात त्यांचा रुबाब होता तो शिट्टीमुळे. १९३७ साली हिंगोलीला जाऊन ते आठ दिवस बालवीरांचं, म्हणजे स्काउटचं, शिक्षण घेऊन आले. येताना एक पितळी शिट्टी आणि खाकी टोपी आणली, बावीस पोरं निवडली आणि गावात पथक उभं केलं. त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, बावीस निळे रुमाल शिवले. रोज दिवस कलायच्या वेळी मारुतीच्या पारापुढं पोरं रांगेत उभी राहायची, शिट्टी वाजली की वळायची, दुसरी वाजली की थांबायची. पारावर बसलेले म्हातारे माना डोलवायचे. मास्तरांना वाटायचं, या पोरांना घडवणारा आपल्यावाचून दुसरा कोणी नाही.

त्या रांगेत सगळ्यात शेवटी त्यांचा स्वतःचा मुलगा उभा असायचा. दोन लेकरं दगावल्यावर झालेला म्हणून त्याचं नाव दगडोबा ठेवलेलं. बारा वर्षांचा, अंगानं किरकोळ. बापासमोर उभा राहिला की त्याचे शब्द घशातच विरायचे. मास्तर सगळ्यांदेखत म्हणायचे, "आवाज काढ की रे! घशात बोळा बसलाय काय?" मग तर तो पारच गप्प व्हायचा.

मास्तरांची एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. लहानपणी ते विहिरीत पडले होते. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी दिसलं की त्यांचे पाय लटपटत. पोहणं तर लांबच. हे फक्त मंजुळाबाईंना माहीत होतं.

त्या हिवाळ्यात मास्तरांनी ठरवलं की पथकाला तीन दिवस पैनगंगेच्या काठी मुक्कामाला न्यायचं. वाट रानातली, टेकड्यांतली. वाटाड्या पाहिजे होता. गावापासून दोन कोसांवर बंजाऱ्यांचा तांडा होता, तिथला नेमसिंग त्यांनी बोलावला. नेमसिंगचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून वऱ्हाडात न्यायचा. लहानपणी नेमसिंगही त्या बैलांमागं चालला होता. पुढं तो धंदा बसला आणि तो कोरडवाहू जमीन कसू लागला. पण नदीचा कुठला उतार कुठल्या महिन्यात पायी ओलांडता येतो, हे त्याला अजून तोंडपाठ होतं.

पहिल्याच दिवशी ऊन कलल्यावर वाटेला दोन फाटे आले. मास्तरांनी शिट्टी तोंडाला लावली, तेवढ्यात नेमसिंग बाभळीखाली बसला आणि पोरांना म्हणाला, "नदी कोणीकडं हाय?"

पोरं एकमेकांकडं पाहू लागली.

"मला ठावं हाय. पर मी सांगणार न्हाई. तुमी सांगा."

मग मागून बारीक आवाज आला, "होल्यांचे थवे तिकडं उडून राहिलेत. सांजच्याला पाण्यावर जात असतील." दगडोबा बोलला होता.

नेमसिंग उठला. "चल मग, तू म्होरं."

दगडोबा पुढं, त्याच्यामागं एकवीस पोरं, त्यांच्यामागं मास्तर. अर्ध्या कोसावर एक ओढा लागला, ठणठणीत कोरडा. पोरं हसली. मास्तर पुढं सरसावले, पण नेमसिंगनं त्यांच्या दंडाला हात लावला. "मास्तर, थोडं थांबा. चुकलाय त्याला, आता त्यालाच नीट करू द्या."

दगडोबा घामाघूम झाला होता. त्यानं ओढ्यातली वाळू पाहिली, पाण्यानं ती कोणीकडं ओढली गेलीय ते पाहिलं आणि उताराच्या अंगानं चालू लागला. थोड्याच वेळात पुढच्या पोरांनी आरोळी ठोकली. पैनगंगा समोर होती.

मास्तरांना आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, घटकाभर. पण नदी दिसल्याबरोबर दगडोबानं मागं वळून नेमसिंगकडं पाहिलं, बापाकडं नाही. ते मास्तरांच्या छातीत काट्यासारखं घुसलं.

दुसऱ्या दिवशी नेमसिंग पोरांना नदीच्या उतारावर घेऊन गेला. एकमेकांची मनगटं धरून साखळी करायची आणि पलीकडं जायचं. पाणी मोठ्यांच्या कमरेइतकं, पोरांच्या छातीला लागेल एवढं. मास्तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी सामानाची राखण करतो." ते काठावरच्या दगडावर बसून राहिले. मधल्या धारेत एक पोरगं डगमगलं, तोच एक खणखणीत आवाज आला, "हात सोडू नका रे! महादू, पाय घट्ट रोव! एक एक पाऊल!"

तो आवाज कोणाचा हे मास्तरांना पटकन ओळखू आलं नाही. ओळखलं तेव्हा ते दगडावरून उठून उभे राहिले. बारा वर्षांत हा आवाज आपल्या घरात एकदाही का निघाला नाही? या माणसानं दोन दिवसांत असं काय केलं? ना शिट्टी, ना टोपी, ना हिंगोलीचं शिक्षण.

गावात परत आल्यावर हे दुखणं वाढत गेलं. संस्थानच्या रिवाजानं दर शुक्रवारी शाळेला सुट्टी असायची, आणि पोरं सकाळीच तांड्याकडं पळायची. नेमसिंग त्यांना झाडावर चढायला शिकवी, वाऱ्यावरून पावसाचा अंदाज घ्यायला शिकवी, एकेकाला रानात सोडून परत यायला सांगे. चुकला तर रागवायचा नाही. "उद्या परत जा," एवढंच म्हणायचा. संध्याकाळी पारापुढं मास्तरांची शिट्टी वाजे तेव्हा पोरं दमून घरी आडवी झालेली. बावीसची रांग नऊवर आली, मग पाचवर. घरी जेवताना दगडोबा आईला सांगायचा, "नेमसिंगकाका म्हणतो, भ्यायला आलं तर भ्यावं, पर पाय थांबवू न्हाई." मास्तरांचा घास तोंडातच फिरायचा.

एकदा त्यांनी मंजुळाबाईंना विचारलं, "मी काय कमी केलं या पोरांसाठी?"

"कमी कोण म्हणतंय? तुमी त्यायला हुकूम करता. त्यो इचारतो."

हे उत्तर मास्तरांना आवडलं नाही. त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी जे केलं ते त्यांना पुढं जन्मभर सलत राहिलं. ते माणिकरावांकडं गेले. माणिकराव गावातले मोठे जमीनदार, चावडीवर त्यांचा शब्द चालायचा. मास्तर म्हणाले, "तांड्यावरचा तो माणूस पोरांना धोक्यात घालून राहिलाय. मागच्या शुक्रवारी एक पोरगं डोहात बुडता बुडता वाचलं." तसलं काही झालं नव्हतं. पण एकदा तोंडातून निघालं ते निघालं. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. महादूची आई द्वारकाबाई विधवा, तिला एकुलता एक लेक. तिलाही त्यांनी हेच सांगितलं. ती त्या दिवशी जेवली नाही.

दोन दिवसांनी नेमसिंगला चावडीवर बोलावणं गेलं. गाव जमलं, पोरंही कडेला उभी होती. माणिकरावांनी विचारलं, "एक लेकरू बुडत होतं म्हणतात. खरं हाय काय?"

नेमसिंगनं मास्तरांकडं पाहिलं. मास्तर जमिनीकडं पाहत होते. नेमसिंग काही बोलायच्या आतच पोरांतून एक जण पुढं आला.

"खोटं हाय. कोणी बी बुडलं न्हाई. मी दर शुक्रवारी तिथं असतो. आमचे बाबा तिथं नव्हते."

दगडोबाचे पाय कापत होते, पण आवाज कापत नव्हता. मास्तरांच्या कानशिलात रक्त चढलं. मुलाच्या मुस्काटात मारावी असं वाटलं, आणि त्याच क्षणी हेही वाटलं की आजपर्यंत याच आवाजाची तर आपण वाट पाहत होतो. आणि तो आला कुठून, तर त्या माणसाकडून, आणि आला कोणावर, तर आपल्यावर.

"लेकरा, घरी जा," नेमसिंग हळूच म्हणाला. मग माणिकरावांकडं वळून म्हणाला, "मालक, पोरं तुमची हायती. नगं म्हणत असाल तर नगं." आणि तो उठून चालू लागला.

पोरापेक्षा मास्तरांचा शब्द जड ठरला आणि शुक्रवार बंद झाले. द्वारकाबाईनं महादूला उंबरा ओलांडू दिला नाही, बाकीच्या आयांनीही तेच केलं. पोरं पुन्हा मास्तरांच्या रांगेत आली, शिट्टीवर वळू लागली. पण मास्तरांना त्यात गोडी उरली नाही. दगडोबा सांगितलं तेवढं काम करी आणि बापाशी कामापुरतंच बोले. पाऊणेक वर्षानं पथकही आपोआप मोडलं. मास्तरांनी खाकी टोपी पेटीच्या तळाशी टाकली. तरीही बाजारच्या दिवशी नेमसिंग दिसला आणि एखाद्या जुन्या पोरानं धावत जाऊन त्याला रामराम घातला, की मास्तर वाट बदलून दुसऱ्या बोळानं घरी जात.

अशी दहा वर्षं गेली. १९४८ चा पावसाळा आला तेव्हा संस्थानात मोठी धामधूम होती. जाळपोळीच्या बातम्या गावोगाव फिरत होत्या. गोरेगावातल्या पुष्कळ कुटुंबांनी ठरवलं की पैनगंगा ओलांडून काही दिवस संस्थानच्या हद्दीबाहेर, वऱ्हाडात जाऊन राहायचं. श्रावणातल्या एका सकाळी शंभरावर माणसं नदीच्या काठी आली. बाया, म्हातारे, कडेवरची लेकरं, शेळ्या. नदी गढूळ, दुथडी वाहत होती.

मास्तर गर्दीत उभे राहून ओरडत होते, "रांग करा! रांग करा!" कोणी ऐकत नव्हतं. एक बाई लेकराला पोटाशी धरून, रडून रडून पाण्याकडं पाठ करून बसली होती.

दगडोबा आता तेवीस वर्षांचा होता. महादू आणि जुन्या पथकातले सात-आठ जण त्याच्याबरोबर होते. म्हातारा नेमसिंगही तांड्यावरची माणसं आणि बाजा, दोर, वाळके भोपळे घेऊन आला होता. पण तो काठावर नुसता बसला आणि दगडोबाकडं पाहू लागला. दगडोबानं काठाला एक काडी रोवली, पाण्याची रेघ पाहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आता कोणी बी उतरायचं न्हाई. पाणी ओसरून राहिलंय. दुपारपर्यंत थांबायचं. तवर बाजांना वाळके भोपळे बांधा, म्हंजी त्या तरंगतील."

त्यानं ओरडून सांगितलं नव्हतं. तरी लोक कामाला लागले. पोहणाऱ्यांनी दोर पलीकडच्या झाडाला बांधला. दुपारी काडीपासून पाणी हातभर मागं सरकलं. मग एकेका बाजेवर म्हातारे आणि लेकरं बसवून दोराच्या आधारानं न्यायला सुरुवात झाली. रडणाऱ्या बाईला दगडोबानं विचारलं, "मावशी, पयल्यांदा जाता का लेकरानंतर?" ती म्हणाली, "लेकराबराबर." तिला तसंच नेलं.

शेवटच्या खेपेला मास्तर उरले. बाजेवर जागा नव्हती, दोराला धरून यायचं होतं. मुलाच्या कानाशी जाऊन ते म्हणाले, "दगडोबा, मला पोहता येत न्हाई."

"मला ठावं हाय, बाबा. पयल्या मुक्कामापासून ठावं हाय. तुमी सामान राखत बसले होते, आन् सामान तर आमच्या पाठीवर होतं."

"मग कधी कोणाला..."

"न्हाई सांगितलं. दोर धरा. माझ्याकडं पाहा, पाण्याकडं पाहू नका."

मास्तर पाण्यात उतरले. मधल्या धारेत त्यांचे पाय सुटले, तेव्हा दगडोबानं त्यांना काखेत धरून ओढलं. पलीकडं जाऊन ते चिखलात बसले आणि कितीतरी वेळ त्यांना उठता आलं नाही.

वऱ्हाडात त्यांना एका गावाच्या गोठ्यांमध्ये जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी मास्तर नेमसिंगजवळ जाऊन बसले. "नेमसिंग, चावडीवर मी खोटं बोललो होतो. मला तुझं पाहवत नव्हतं."

नेमसिंग चिलीम झाडत होता. झाडता झाडताच म्हणाला, "ठावं व्हतं. तवा लई राग आला व्हता, मास्तर. आठ रोज मी घरात कुणाशी बोललो न्हाई. साळा तुमची व्हती, पोरं तुमची व्हती, गाव तुमचं व्हतं. माझा शुक्रवार तेवढा व्हता. त्योबी तुमी नेला."

नेमसिंगनं चिलीम पुन्हा भरली, पण तो उठून गेला नाही.

भादव्यात पोलिस ॲक्शन झाली, संस्थान शरण आलं आणि लोक आपापल्या घरी परतले. दिवाळीआधी मास्तर गावात घरोघर गेले आणि दहा वर्षांपूर्वीचं खोटं उलगडून सांगितलं. माणिकराव हसले, "जुनं कशाला उकरता?" द्वारकाबाई मात्र हसली नाही. ती म्हणाली, "माझं लेकरू दारात बसून रडायचं मास्तर. तुमाला सांगायला दहा वर्सं लागली व्हय?" मग तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला.

पुढच्याच शुक्रवारी दगडोबानं गावातली आणि तांड्यातली वीस पोरं घेऊन रानात जायचं ठरवलं. सकाळी पोरं दारापुढं गोळा झाली, पण दगडोबा तांड्यावर गेला होता, आधी नेमसिंगच्या पाया पडायला. मास्तर ओसरीवर बसून होते. ते मंजुळाबाईंना हळू आवाजात म्हणाले, "अजून जळतंय गं. एवढं सगळं होऊन बी जळतंय."

"जळतंय तर जळू द्या," त्या भाकरींचं गाठोडं बांधत म्हणाल्या. "पर ह्या घेऊन जा त्यायच्या मागं. उन्हं वर येऊन राहिली."

मास्तरांनी गाठोडं खांद्यावर घेतलं आणि ते पोरांबरोबर तांड्याच्या वाटेनं निघाले.