उरलेलं पाणी

चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कोणीही दारात आलं की आधी पाणी द्यायचं, मग विचारपूस. आणि पिऊन उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, जवळच्या झाडाच्या मुळाशी घालायचं. एप्रिलमध्ये बायको अचानक गेली आणि घरी बसायला येणाऱ्यांची रांग लागली. आलेल्यांना बसायला दिलेल्या खुर्चीच्या सर्वांत जवळचं झाड म्हणजे तिचं ऑर्किड.

माणसं यायची, अर्धा ग्लास प्यायची, "लय चांगली होती बाई" म्हणायची आणि उठताना उरलेलं पाणी त्या कुंडीत ओतायची. मी बघत बसायचो. ऑर्किडला इतकं पाणी चालत नाही हे मला चांगलं माहीत होतं. ती आठवड्यातून एकदा कुंडी बादलीत बुडवायची, पूर्ण निथळू द्यायची आणि परत जागेवर ठेवायची. मला हातही लावू द्यायची नाही. म्हणायची, "तुमी लाड करून करून मारसान त्याले." पण लोकांना अडवायचं तर तोंड उघडावं लागतं, आणि तेवढंही मला जमत नव्हतं. काही वाटतच नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कोणाचा राग येत नव्हता. पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, पंगत उठली आणि जाता जाता एक जण दुसऱ्याला म्हणाला, "भाऊ मोठा धीराचा हाय." धीर कसला डोंबलाचा. मी नुसता बसलेला होतो.

मे महिन्यात येणारे आटले. एका सकाळी ऑर्किडचं खालचं पान पिवळं होऊन हातात आलं. कुंडी उचलली तर जड लागली. तिनं हौसेनं आणलेली चिनीमातीची कुंडी, दिसायला देखणी, पण बुडाला भोक नाही. आतल्या प्लास्टिकच्या कुंडीखाली पाणी साचलं होतं आणि हंगाम संपल्यावर कूलरच्या गवताला येतो तसा वास येत होता. अति तिथं माती म्हणतात ते खोटं नाही. सगळ्या गोतावळ्यानं माया करून करून मुळं सडवली होती.

मी झाड वर्तमानपत्रावर उपडं केलं. मुळं चिमटीत धरली की वरची साल निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. तिची शिवणाची कात्री गॅसवर तापवून घेतली आणि सडलेलं एकेक कापत गेलो. कापता कापता भीती वाटली, की खाली काहीच उरणार नाही. तिच्या हातचं जिवंत असं घरात हे एकच होतं. ती गेल्यापासून मला काही वाटलं ते हे पहिलंच. शेवटी दोन-तीन मुळं टणक निघाली, तीही बोटाएवढीच. कापलेल्या जागी बुरशी धरू नये म्हणून मसाल्याच्या डब्यातली दालचिनी कुटून लावली. तिला तसं करताना पाहिलं होतं.

परत कुंडीत लावायची हिंमत झाली नाही. गॅलरीत मोहाच्या लाकडाचा एक तुकडा पडून होता. तिच्या माहेरी, पोंभुर्ण्याकडच्या रानात, असली झाडं मोहाच्या फांदीवर मातीशिवाय वाढतात. तसं हेही बांधू म्हणून तिनं तो आणला होता, आणि मी येता-जाता त्याला ठेचकाळून कुरकुर करायचो. मुळांना नारळाची शेंडी गुंडाळली, झाड सुतळीनं त्या लाकडाला बांधलं आणि कूलरचा ओला वारा लागेल असं खिडकीत टांगलं. जगेल असं दिसत नव्हतं. तरी उठलो की आधी तिकडे बघायचो.

मग एके दुपारी सासूबाई आल्या. लेकीच्या फोटोसमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी पाणी दिलं. त्यांनी अर्धा ग्लास प्यायला, उठल्या, खिडकीशी गेल्या आणि ग्लास तिरपा केला.

"नको आई." माझा आवाज जरा चढलाच. "त्याले पाणी देऊ नका. पाण्यानंच सडलं ते."

त्यांचा हात तसाच राहिला. त्यांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग मी माह्या पोरीले काय देऊ, जवाईबापू?"

एप्रिलभर लोक त्या कुंडीत काय ओतत होते ते मला तेव्हा कळलं.

"द्या," मी म्हणालो.

त्यांनी सावकाश ओतलं. पाणी मुळांवरून, मग लाकडावरून ओघळलं आणि फरशीवर पडलं. साचलं कुठेच नाही. मी पुसायला फडकं आणलं, खाली बसलो, आणि तेच फडकं तोंडाशी धरून रडलो. फरशी सासूबाईंनी पदरानं पुसली.